टाकाऊ हा शब्द

सर, तुम्ही त्या दिवशी आमच्या घरी यायला नको होतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आधी आईला म्हणायचे, मग नवऱ्याला, मग नुसतीच मनाशी. आता आई नाही, नवरा त्याच्या वर्तमानपत्रात असतो, आणि मनाला काही सांगायला जावं तर ते उलट मलाच प्रश्न विचारतं. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला इतका काळ लोटलाय की वयाने आता मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे. तरीही पेन हातात घेतलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. तुमच्या वर्गात वाकून बसलेलं तुम्हाला चालायचं नाही.

मॅट्रिकचा वर्ग. दुष्काळ नुकताच सरलाय, पण सोलापूरच्या उन्हाला ते कोणी कळवलेलं नाही. वरचा पत्रा तडतडतो आहे आणि तुम्ही पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडताय. डाळिंबाची वाळकी साल, हिरवं केळं, खडीसारखा कडक पेरू, बाभळीचा डिंक, नुकत्या तोडलेल्या कैऱ्या, देठाशी अजून चीक ओघळणाऱ्या. "सरांनी मंडई मांडली," मागून कोणीतरी पुटपुटतं. मग तुम्ही प्रत्येकाच्या हातावर सालीचा नखाएवढा तुकडा ठेवता आणि म्हणता, "चावा. गिळू नका. तोंड काय म्हणतंय ते सांगा." सगळ्या वर्गाचे जबडे एकदम आखडतात, जीभ टाळ्याला चिकटते, मुली पदरात तोंड लपवून हसतात. मी म्हणते, "तुरट, सर." मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी माग होते आणि घरात तेलुगू चालायचं, तो म्हणतो, "आमच्यात वगरु म्हणतात." आणि तुम्ही खुर्चीवरून जवळजवळ उडालात. "आमच्या घरी ओगरु! अरे, शब्द एकच आहे की!" तुम्ही अक्कलकोटकडचे, घरी कानडी. तुमच्या मराठीत झाड ही 'ती' असायची, साल हा 'तो' असायचा, आणि 'मी सांगितलं' च्या जागी 'मी सांगितलो' यायचं. आम्ही बाकाखाली बोटांवर तुमच्या चुका मोजायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

त्याच तासाला तुम्ही तो शब्द दिलात. "माणसाला मूत्रपिंडं आहेत, घाम आहे. झाडाला काय आहे? ती नको असलेलं कुठं टाकणार? मग ती ते सालीत भरून ठेवते, बियांत ठेवते, पानात ठेवते आणि पानच गाळून टाकते. डिंक, चीक, राळ, हा तुरटपणा म्हणजे टॅनिन, कडूपणा, सगळं झाडाचं टाकाऊ. लिहा." आम्ही लिहिलं. मी 'टाकाऊ' खाली पट्टीने दोन रेघा मारल्या. परीक्षेत तोच प्रश्न आला, मी तसंच्या तसं उतरवलं, आणि तुम्ही माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलंत. त्या दिवशी मी घरी चालत गेले की तरंगत, आठवत नाही.

पुढचं तुम्हालाही आठवत असेल, पण तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने कधी सांगितलंच नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील गिरणीत टाइमकीपर, आम्ही चाळीतल्या दोन खोल्यांत. नातेपुत्याहून पाहुणे मला बघायला आले होते. मुलगा बँकेत, सोबत त्याची मावशी आणि मामा. मी शेजारणीची साडी नेसून पोह्यांच्या बशा फिरवत होते. मामांनी विचारलं, "सैपाक येतो का?" आणि माझ्या आधी आई म्हणाली, "समदं येतंय तिला." मुलगा एकदा माझ्याकडे बघून हसला. हसणं चांगलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते. मला तो आवडला होता.

तेवढ्यात दारात सायकल टेकवल्याचा आवाज. डोक्यावर ओला पंचा, चेहरा उन्हाने लाल, खांद्याला तीच पिशवी. आई दारातच आडवी झाली. "सर, पाव्हणं आल्यात ओ. सांच्याला या की." तुम्ही म्हणालात, "पाचच मिनिटं. मुलगी आहे का घरात?" आणि आत येऊन सगळ्यांना नमस्कार करून सरळ लोखंडी पेटीवर बसलात. आईने पाण्याचा तांब्या दिला, तो एका दमात संपवलात. मग माझ्याकडे बघून, भरल्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणालात, "बाळ, मी तुला फसवलो. माफी मागायला आलोय."

सर, त्या खोलीत काय झालं ते तुम्हाला दिसलंच नाही. मामांचा घास तोंडातच राहिला. मावशीने बशी खाली ठेवली. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. मराठीत पुरुषाने मुलीला फसवलं म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ त्या पोह्यांच्या वासात उभा राहिला. मामा म्हणाले, "फसवलं म्हंजी? काय केलं तुमी पोरीला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "उत्सर्जन." मावशी म्हणाली, "अगं बाई!" वडील ओरडले, "झाडांचं ओ, झाडांचं! शाळेतलं हाय ते!" आणि मी तिथेच, पोह्यांचा ट्रे धरून, मेल्याहून मेल्यासारखी उभी.

तुम्ही मात्र पिशवीतून पेरूची अळीने खाल्लेली पानं काढून पेटीवर मांडायला लागला होता. पुण्याला शिक्षकांच्या उन्हाळी शिबिराला गेला होता, तिथे एका प्राध्यापकांनी तुमचा समज उलटा केला होता. "ती टाकाऊ नव्हे, बाळ. झाड उन्हात साखर करते की नाही? त्यातलीच साखर बाजूला काढून, एकेक पायरीने बदलत, ती हे मुद्दाम बनवते. टाकाऊसाठी आपली कमाई कोण खर्च करतं? हा तुरटपणा तुझ्या जिभेवरच्या लाळेला धरून बसतो ना, तसा अळीच्या पोटात गेला की तिच्या पाचकरसाला धरतो. खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. पान कुरतडलं की काही झाडं तर नव्या पानात ते आणखी भरतात. आणि बघ, कोवळं फळ तुरट का? आत बी कच्ची आहे म्हणून. बी तयार झाली की तुरटपणा कमी, साखर जास्त. मग या, खा, बी घेऊन जा. टाकाऊ असतं तर पिकेपर्यंत साठत गेलं असतं. कमी का झालं? एवढं साधं मला सुचलं नाही, आणि मी वर्षानुवर्षं पोरांना ती झाडाची घाण म्हणून सांगितलो." मामांनी विचारलं, "मग डाळिंबात अळी पडती ती कशी?" तुम्ही खूश झालात. म्हणालात, "बरोबर विचारलात! ती अळी पोखरतेच. झाडाने राखण ठेवली म्हणून चोर थांबत नाहीत."

मी तुम्हाला दारापर्यंत सोडायला आले, ते तुम्ही लवकर जावं म्हणून. पायडलवर पाय ठेवून तुम्ही म्हणालात, "तू बी.एड. करणार, शिकवणार. तू तरी पोरांना हा शब्द देऊ नको." मी म्हटलं, "हो सर." तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतका मोकळा की क्षणभर मला माझ्या घाईची लाज वाटली, पण आत पाहुणे होते.

नातेपुत्याहून मध्यस्थाने निरोप आणला. "पोरगी चांगली हाय, पण त्या मास्तराचं काय ते आमाला कळलं न्हाय." आई दोन दिवस चुलीपाशी नाक ओढत बसली. वडिलांनी तुमचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलं. पण चाळीला भिंती कुठे असतात? नळावर पाणी भरायला गेले की पोरं ओरडायची, "बाळ, मी तुला फसवलो!" बायका पोरांना दटावायच्या आणि पदराआड हसायच्या. मी हंडा भरायच्या आधीच उचलून घरी यायचे. तुमच्यावर इतका राग आला होता की सांगता येत नाही. तरी त्या रागात एक कोपरा सुखावलेला होता. सगळ्या विद्यार्थ्यांतून सर भर उन्हात माझ्याकडे आले, दोन रेघा मारणाऱ्या मुलीकडे, असं मी स्वतःला सांगायचे.

पुढे तुमचं काय झालं ते कानावर यायचं. तुम्ही वर्गात नवंच शिकवायला लागलात, पुस्तकात जुनंच होतं. पोरांनी परीक्षेत तुमचं उत्तर लिहिलं, मार्क गेले, पालक हेडमास्तरांकडे आले. तुमच्याकडून मॅट्रिकचा वर्ग काढून घेतला आणि पाचवी-सहावी दिली. मला हे सगळं एका मैत्रिणीने सांगितलं. तुमचं घर आमच्यापासून सायकलने जाण्याइतकंही लांब नव्हतं. मी गेले नाही.

मग माझं लग्न झालं, सोलापुरातच, काही न विचारणाऱ्या चांगल्या माणसांत. बी.एड. झालं, कुंभारीच्या शाळेत लागले. तो धडा पहिल्यांदा आला त्या दिवशी मी पर्समध्ये कच्चा पेरू नेला होता. समोर विडी वळणाऱ्या बायांची पोरं, शेतातली पोरं. मी खडू उचलला आणि तुमच्यासारखं 'चावा, गिळू नका' म्हणायला तोंड उघडलं. आणि कानात नळावरचं हसू आलं. मी फळ्याकडे वळले आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'वनस्पतींमधील टाकाऊ पदार्थ'. पोरांच्या मार्कांसाठी, असं मी स्वतःला समजावलं. या पोरांना एकेक मार्क महाग आहे, त्यांच्यावर प्रयोग कशाला? हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला इतकं उपयोगी पडलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून मी तो पेरू मीठ लावून खाल्ला.

पुढच्या वर्षी तुम्ही आलात. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळा बघत फिरणाऱ्या समितीबरोबर तुम्हाला पाठवलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. नेमका तोच धडा चालू होता. फळ्यावर मथळा होता आणि खाली मी यादी लिहीत होते. डिंक, चीक, राळ, टॅनिन. पोरं एकदम उभी राहिली म्हणून मी वळले. तुम्ही दारात. गळ्याची हाडं दिसायला लागली होती, शर्ट खांद्यावर सैल. "बसा, बसा," तुम्ही पोरांना म्हणालात आणि फळा वाचायला लागलात. वरपासून खालपर्यंत, सावकाश, ओठ हलवत. माझ्या हातात खडू होता. पुसायला वेळ होता, सर. डस्टर टेबलावरच होता. मी हलले नाही.

तुम्ही म्हणालात, "चीक दीर्घ लिहिलीस, बरोबर. पोरं ऱ्हस्व लिहितात." मग थोडं थांबून, "अक्षर तुझं अजून तसंच आहे." मी म्हटलं, "चहा घ्या ना, सर." "नको, पुढच्या शाळेत जायचंय," म्हणालात आणि गेलात. तुमच्या तोंडावर राग शोधला मी, सापडला नाही. उलट आपणच चुकीच्या वेळी आलो असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. पूर्वी वर्गात तुम्ही माझा गृहपाठ फाडला होतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी तुम्ही माझं अक्षर अजून तसंच आहे म्हणालात ते मात्र मला अजून ऐकू आलं की मी कामात असले तरी थांबते.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी माहेरी होते. आपल्या शाळेत शोकसभा झाली. भाषणं संपल्यावर आम्ही जुनी मुलं आवारात उभी होतो, आणि तो मागाच्या घरचा वर्गमित्र म्हणाला, "सर माझ्याकडं आले होते, आठवतंय का? माग चालू. मला काय ऐकू येईना. मी म्हणलो, काय? तर सर ओरडून, 'मी तुला फसवलो!' कामगार माग थांबवून बघाय लागले की!" सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, मलाही स्टँडवर गाठलं होतं, एस.टी. सुटेपर्यंत खिडकीशी धावत होते. तिसरीच्या तर सासरी गेले होते, आणि तिच्या सासूने त्यांना जेवू घालूनच सोडलं. एकेकाची गोष्ट निघत गेली. तुम्ही सगळ्यांकडे गेला होता. सायकलवर, एस.टी.ने, पत्ता विचारत, तुम्ही ज्यांना तो शब्द दिला होता त्या प्रत्येकाच्या दारात. लोक डोळे पुसत हसत होते. मीही हसले. पण आतून मला वाईट वाटलं, सर. तुम्ही फक्त माझ्याकडे आला नव्हता. माझं जुळत आलेलं लग्न मोडलं, मला चाळीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, आणि त्या बदल्यात मी जपून ठेवलेला मानही माझा एकटीचा नव्हता. शोकसभेत उभं राहून मला हे सुचावं, याची मला तेव्हाही लाज वाटली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "तू तर शिकवतेस. तू सरांचंच शिकवत असशील." मी म्हटलं, "हो."

तुम्ही म्हणाल, निदान पुढे तरी. पुढे मी भरपूर वाचलं. कैरी तोडताना देठातून उडणारा चीक आतल्या नळ्यांत दाबून ठेवलेला असतो, म्हणून तो ओठ भाजतो, हे मी शेजारणींना आंबे उतरवताना सांगायचे. कडू बदामात विष तयार ठेवलेलं नसतं, त्याचे दोन भाग झाडाने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात आणि कोणी चावलं की ते एकत्र येतात, हे मी नवऱ्याला इतक्यांदा सांगितलं की तो आता माझ्याआधी सांगतो. आमच्याकडे कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ते याच रीतीने, हेही मला समजलं होतं. झाड एका जागी उभं असतं, पळू शकत नाही, म्हणून त्याने पळण्याऐवजी हे सगळं रांधायला घेतलं, असं तुम्ही म्हणाला असतात. मी घरात म्हणायचे. वर्गात गेले की फळ्यावर मथळा तोच. पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, मी निवृत्त होईपर्यंत माझा मथळा बदलला नाही. प्रत्येक वर्षी त्या तासाला मला वाटायचं, पुढच्या वर्षी. तो एक तास इतका छोटा होता, सर, की त्यात धाडस असं काही लागलंच नसतं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण लिहायला बसले त्याचं कारण गेल्या आठवड्यातलं आहे. मी ठरवलं होतं की तुमच्यासारखं करायचं. सगळ्यांकडे नाही जमणार, गुडघे नाहीत तेवढे. एकीच्या घरी तरी जायचं. माझी एक विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे, विज्ञानच शिकवते. रिक्षा करून गेले. माफीचं वाक्य रिक्षातच जुळवून ठेवलं होतं, व्याकरण तपासून. तिने वाकून नमस्कार केला, पंखा माझ्याकडे वळवला, तिच्या मुलाला म्हणाली, "या माझ्या बाई. यांनी शिकवलेलं मला अजून तोंडपाठ आहे. डिंक, चीक, राळ, टॅनिन. मी पण पोरांना त्याच क्रमाने सांगते." मग चहा आला. मी तो बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, काही काम होतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. सहज आले होते."